न बसवता चालवून पाहा

अकरापैकी सात गेलेले. दोघांच्या पोटात पालीची अंडी,
एकाच्या पंख्यावर कुंभारणीनं मातीचं घर लिंपलेलं.
मानोऱ्यापासून नऊ किलोमीटर, जिल्हा परिषदेची शाळा,
आणि मी ग्रामपंचायतीची परिचालक,
पाच महिन्यांचं मानधन थकलेली,
रविवारी इथं, कारण गुणवंत शिपायाला
लॅबची किल्ली सापडली, तांदळाच्या कोठीत.

आठवा मशीन चालू केला.
एक लांब शिट्टी, दोन तोकड्या.
प्रणोती राठोडच्या कंपासमधला खोडरबर मागितला,
रॅमच्या पिवळ्या दातांवर घासला.
"मॅडम, त्याचं काय चुकलं? खोडता कायले?"
मग एकच टूक. म्हणजे सगळं जागच्या जागी.

घड्याळाचा सेल मेलेला.
पडद्यावर एक जानेवारी दोन हजार दोन.
प्रणोतीची आई तेव्हा चौथीत होती,
याच खोलीत, खोलीला कौलं होती तेव्हा.

पेनड्राइव्ह त्याला दिसेना.
एफ दोन, बाण खाली, बाण वर, एफ दहा,
पुन्हा तेच, पुन्हा तेच,
चौथ्यांदा मागचं खालचं भोक धरलं
आणि काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात
एक बारीक रेघ लुकलुकली.
बोअरला पाणी लागण्याआधी पाइपातून
नुसती हवा फुसफुसते,
तसं ते दहा मिनिटं.

भाषा विचारली. यादीत मराठी होती,
वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, पण होती.
गाव विचारलं. कोलकात्याशिवाय काही नाही.
"बाप्पा," गुणवंत म्हणाला, "एवढ्या दूर?"
मग दोन ओळी:
बसवा.
न बसवता चालवून पाहा.

मी खालची दाबली.
म्हणून जुनी डिस्क उघडून बघता आली:
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन,
आत एकच कागद,
त्यात कंस, डॉलर, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरांचा भुसा.
ज्या फॉन्टात कुणी लिहिलं
तो फॉन्ट कुठंच उरला नव्हता.
पेनड्राइव्ह गच्च. बसवायचं तर हे पुसायचं.

गुणवंतनं खंडारे काकांना बोलावलं,
तहसीलमध्ये एकतीस वर्षं टायपिस्ट,
आता सावलीत तुरी पाखडत बसलेले.
चष्मा नव्हता आणला.
"वाचाले नाई जमत मले. तू अक्षरं सांग, मी मारून पायतो."

आय, झेड, एफ, आर.
बाकावर उजवं मधलं बोट वर गेलं,
डावी करंगळी खाली,
डावी तर्जनी एकदा जागेवर, एकदा वर,
आणि मग तोंडातून, जरा उशिरानं:
"प्रति."

असं पाऊण तास. मी बोलत गेले,
ते बाकावर बडवत गेले, ओळ संपली की
नसलेला रूळ डाव्या हातानं ढकलत,
आणि प्रणोती वहीत उतरवत गेली:

*प्रति, माननीय गटशिक्षणाधिकारी.*
*अकरा संगणक प्राप्त झाले. आभारी आहोत.*
*खोलीत प्लग एकच आहे. तो पंख्याचा आहे.*
*उन्हाळ्यात पंखा चालवावा की संगणक,*
*याबाबत कृपया मार्गदर्शन व्हावे.*
*ठोंबरे, मुख्याध्यापक.*

जावक क्रमांकाची जागा कोरी.

कुणी हसलं नाही लगेच.
गुणवंतनं वर पाहिलं, पात्याकडे,
सकाळी त्यानंच ती पिन काढली होती
म्हणून हे सगळं चाललं होतं.
खंडारे काकांची बोटं बाकावरच,
"ठ चुकला का गं माझा?" स्वतःशीच.

मी वरची ओळ दाबली.
सगळं पुसलं जाईल, नक्की?
हो.
दोन टक्के. नऊ टक्के. नऊ. नऊ.
मार्चचा शेवटचा रविवार, पत्रे तापलेले,
प्रणोती त्याच वहीनं वारा घालत होती,
आधी काकांना, मग मला,
मग डब्याच्या उघड्या बाजूनं त्याला.